वेल्डर आप्पांच्या हातातला ब्रश

आप्पा गेले तेव्हा त्यांच्या नखांत हिरवा रंग होता.

खोपोलीच्या हॉस्पिटलात नर्सने विचारलं, "पेंटर होते का?"
म्हटलं, "नाही. वेल्डर."

आज वर्ष झालं.

माझा धाकटा भाऊ निलेश. आमचा निलू.
आप्पांनीच साहेबांना सांगून त्याला साजगावच्या आपल्या कंपनीत चिकटवला. आईच्या मनात नव्हतं. पोराने पनवेलला ऑफिसातलं काहीतरी बघावं, असं तिला वाटायचं.

एका दुपारी निलू शेडवर चढला. पत्रा फुटला.
आप्पा खालीच होते.

निलूचा जलदान विधी झाला, पाहुणे गेले, आणि आई आप्पांना म्हणाली, "तुमी नेला त्याला तिथं."

त्यानंतर ती त्यांच्याशी बोललीच नाही.
ताट वाढायची, अंघोळीचं पाणी काढायची. पण शब्द नाही.

आप्पांनी एकदाही स्वतःची बाजू मांडली नाही. कामावर जायचं बंद केलं. जेवण तुटलं. चहा समोर गार व्हायचा. दिवसभर ओट्यावर बसून असायचे, कुणी हाक मारली तरी लक्ष नाही.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सोबत कर्जतच्या एका मॅडमचा पत्ता दिला. आर्ट थेरपी. दर शनिवारी त्यांच्या हॉलमध्ये चार-पाच दुःखातली माणसं चटईवर बसून रंगकाम करतात.

आप्पांना सांगितलं, तर उसळले.
"मी काय बालवाडीत हाय का गं? रंगवून पोरगा येनार हाय का परत?"

"नाही येणार. पण तुम्ही तरी राहाल, आप्पा."

शनिवारी सकाळी बघते तर चप्पल घालून माझ्या स्कूटीपाशी उभे.

पहिले कितीतरी शनिवार नुसते बसून राहिले. मी दाराशी बसलेली असायचे, मलाच कसंतरी व्हायचं. मॅडमनी मात्र कधी घाई केली नाही. "इथे चांगलं चित्र काढायचं नसतं, काका. आत जे आहे ते कागदावर ठेवायचं. आज नाही जमलं तरी चालेल."

मग एक दिवस त्यांनी लाल रंग घेतला.
घासत राहिले. घासत राहिले. कागद भिजून मधोमध फाटला. आप्पा एकदम दचकून थांबले, काहीतरी मोडल्यासारखे.

मॅडमनी दुसरा कागद हळूच त्याखाली सरकवला.
"फाटू दे, काका. खाली हा आहे."

आणि आप्पा रडले. निलूच्या मातीला रडला नव्हता, तो माणूस सगळ्यांसमोर लहान मुलासारखा रडला.

"मी खाली उभा व्हतो. 'आप्पा' म्हनला तो. मी वर बघितलं तवर..."

पुढचं त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

बरे झाले, असं मी म्हणणार नाही. झोप लागायला लागली. एकदा भात मागून घेतला. एवढंच. पण त्या घरात तेवढं पण खूप होतं.

मग ते निलूलाच काढायला लागले. शेताच्या बांधावर बसलेला, पाय पाण्यात सोडलेले. चेहरा काही जमेना. पुसायचे, परत काढायचे. शेवटी एकदा जमला म्हणाले आणि चित्र घरी आणून भिंतीला टेकवून ठेवलं.

आई पदराला हात पुसत बाहेर आली. बराच वेळ बघत राहिली.

"कान एवढं मोठं नव्हतं त्याचं."


आप्पा हळूच म्हणाले, "मग केवढं व्हतं? दाव ना."

तिने कागदावर बोट टेकवलं. टेकवलं ते उचललंच नाही, तशीच खाली बसली. आप्पा तिच्या शेजारी बसले.

मी बाहेर निघून आले. आतून दोघांच्या रडण्याचा आवाज येत होता. इतक्या दिवसांनी एकत्र.

त्यानंतर शनिवारी आम्ही तिघं रिक्षाने जायला लागलो. आई काही काढायची नाही. आप्पांना रंग कालवून द्यायची आणि चुका दाखवायची.

गेल्या वर्षी असंच कर्जतहून येऊन आप्पा चहा घेत होते. छातीत कळ आली.

हॉस्पिटलला जाताना रिक्षात आईने त्यांचा हात धरलेला.
"माझं तवाचं बोलनं मनात नका ठेवू. तुमची चूक नव्हती हो."

आप्पांना बोलवत नव्हतं. तरी म्हणाले, "नाय गं. नाय ठेवलं."

हॉस्पिटलात पोचल्यावर बोलायला वेळच मिळाला नाही. जे व्हायचं ते बोलणं रिक्षातच झालं. त्या दोन वाक्यांवर माझी आई आज उभी आहे.

ती अजून शनिवारी कर्जतला यायला तयार नाही. विचारलं की म्हणते, "जाऊ गं, पुढं." मी दर आठवड्याला विचारते.

तुमच्या घरात कुणी असं गप्प झालं असेल, तर त्याला एकटं सोडू नका. कुठेतरी घेऊन जा. सोबत बसा.

आप्पा, वर्ष झालं. आठवण रोज येते.
तुमच्या लेकीचा जय भीम.