खुंटीवरचा पट्टा

शालिकराम नागपुरातल्या एका दवाखान्यात पट्टे शिवायचा. पोलिओ झालेल्या पोरांचे बूट, कुबड्यांच्या गाद्या, मानेचे पट्टे, असं त्याचं काम. त्याचा टाका कधी कुणाच्या अंगाला लागला नाही, अशी त्याची ख्याती. पण अठ्ठ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी कागदावर काढून दिलेला पट्टा त्यानं आधी कधी केला नव्हता.

तो होता बेसा गावच्या गोपिकासाठी. पोरगी अकरा वर्षांची, छातीचं मधलं हाड कबुतरासारखं पुढं आलेलं. शाळेत पोरी 'गुटर्गू' करून चिडवायच्या. मग ही दप्तर छातीशी धरून, खांदे पाडून चालायची.

"हाडं कोवळी आहेत तोवरच दबतील," डॉक्टर म्हणाले. "आंघोळ सोडली तर पट्टा दिवसरात्र अंगावर हवा. फार तर दोन-तीन वर्षं आहेत."

शालिकरामनं मऊ चामडं निवडलं. उंचवट्यावर बसेल अशी लोखंडी पट्टी गादीत शिवली, पाठीवर बक्कल लावलं.

"दुखते का वं?"

"नाही, काका."

"दुखलं त सांगजो. लाजू नको."

दर तीन महिन्यांनी गोपिका आईबरोबर यायची. उंचवटा जागचा हलत नव्हता. शालिकरामला वाटलं, आपलाच हात कमी पडला. तो बक्कल एक भोक पुढं घ्यायचा. पोरीच्या अंगावर वळ उठायचे. ती ओठ दाबून उभी राहायची.

"घालतं ना रोज?"

"रोज घालते," ती म्हणायची. ते खोटं नव्हतं.

अशी दोन वर्षं गेली. मग एकदा बक्कल बदलताना त्यानं पट्टा उलटा करून पाहिला. आतून पट्टा नुसता मळकट झाला होता, काळा नाही. दोन वर्षं दिवसरात्र अंगावर राहिलेलं चामडं घामानं काळं पडतं, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? पण इतके दिवस त्यानं फक्त छाती पाहिली होती, पट्टा पाहिलाच नव्हता.

पुढच्या रविवारी तो सायकलनं बेस्याला गेला. ओसरीच्या बाहेर चपला काढून ठेवल्या होत्या आणि त्यांच्यावर, खुंटीला, पट्टा टांगला होता.

"हा काहून काढला, बाई?"

गोपिकाची आई सुभद्रा गोंधळली. "काढला नाही, भाऊ. शाळेत जाताना मीच घालून देते. पण घरात चामडं कसं चालन? चूल आहे, देव आहेत. चपला नेतं का कोणी चुलीपाशी?"

बाप रुपराव हसला. "रागावू नका गा. औषध कमी घेतलं त उशिरा बरं होईन, एवढंच समजलो आम्ही."

शालिकरामला रागावता येईना. त्याची स्वतःची आई पंचफुला. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्या दिवसापासून तिनं घरातलं पिढीजात चामड्याचं काम कायमचं सोडलं. पोराला दवाखान्यात हे काम लागलं तेव्हा म्हणाली, "पोट आहे, कर. पण माह्या उंबऱ्याच्या आत आणू नको." कारण वेगळं होतं, उंबरा तोच. अठरा वर्षं तो हत्यारांची पिशवी दाराबाहेरच्या निंबाला अडकवून घरात जात होता. हे त्याला सुचायला हवं होतं.

आठवड्याभरात त्यानं लकडगंजातून तंबूचं जाड कापड आणलं आणि चामड्याचा तुकडाही न लावता नवा पट्टा केला. हा पट्टा घरातही चालला. गोपिकानं तो वर्षभर इमानानं घातला. मे महिन्यात पाठ घामोळ्यांनी भरली, तरी काढला नाही.

एक्याऐंशीच्या दिवाळीनंतर डॉक्टरांनी पट्टा वर सरकवून अंगठ्यानं हाड दाबून पाहिलं. मग पुन्हा एकदा दाबलं.

"हाड पक्कं झालं आता, दबणार नाही. पट्टा बंद करा."

 सुभद्रा शालिकरामकडे वळून अगदी हळू म्हणाली, "पट्टा कापडाचाबी होते, हे आधी काहून नाही सांगितलं, भाऊ?"

त्या आवाजात दोष नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. शालिकराम खाली पाहत बक्कल सोडायला पुढं झाला. गोपिकानं हात मागं नेऊन त्याचा हात धरला.

"राहू द्या, काका. पट्टा असला त फ्रॉकातून कमी दिसते."

तिनं दप्तर उचललं, छातीशी धरलं आणि खांदे पाडून ती आईच्या मागं चालू लागली.