मुलाचं वाक्य मीच पूर्ण केलं

मंडळी, आज माझीच मला लाज वाटतेय.

सुट्टीत क्रूझवर जायचं म्हणून मुलाला, चिन्मयला, घेऊन वर्ध्यातल्या ट्रॅव्हल एजंटकडे गेले. चिन्मय बोलताना अडखळतो. एजंटनं त्याला विचारलं, "तुले जहाजावर काय पाहिजे?"

"मले स... स..."

"स्विमिंग पूल!" मीच सांगून मोकळी झाले. पूल असलेलं जहाज आणि त्यावर स्वस्तातली, बिनखिडकीची खोली ठरली.

परतताना स्कूटरवर मागून तो म्हणाला, "आई, मले खोलीतून स... समुद्र पाहाचा होता. तू बोलूच नाई दिलं."

खरं सांगते, चारचौघांत तो अडखळला की मलाच ओशाळल्यासारखं होतं.

गाडी तिथूनच वळवली. या वेळी मी गप्प बसले. वेळ लागला, पण खिडकीवाली खोली त्यानंच मागितली.

तुम्हीही मुलांचं बोलणं मध्येच तोडता का?