शेजारच्या जहाजाचा माइक

"एकतीस वर्षं मी व्होल्गा नदीला सांगतेय की ती कुठून कुठे चाललीय. अजून तिने एकदाही कान दिलेला नाही," असं कापितोलिना साव्विश्ना स्वतःबद्दल सांगायची. ‘कप्तान सुखोनिन’ या सोव्हिएत काळातल्या चार मजली प्रवासी जहाजावर ती निवेदिका होती. माइकवर तिचा आवाज मधात बुडून निघे, "माऽननीय प्रवाऽसीहो..." आणि माइक बंद झाला की त्याच घशातून यायचं, "माझा चहा कोणी ढोसला रे?"

या उन्हाळ्यात तिने कोस्त्रोमा शहराच्या धक्क्यावर प्रवाशांचं ‘यारोस्लाव्हल शहरात स्वागत’ केलं होतं. तेही दोनदा. नवा व्यवस्थापक रुस्लान ओलेगोविच शब्द मोजून बोलायचा. "आणखी एक चूक. मग रेकॉर्डिंग. तुम्ही विश्रांती."

"विश्रांती!" ती आचारीण ल्यूस्याला म्हणाली, "अगं, या तोंडाला झोपेतसुद्धा विश्रांती नसते."

उग्लिचला धक्का लहान, म्हणून तीन जहाजं एकमेकांना चिकटून उभी होती. सुखोनिन सगळ्यात बाहेर. तिथे पोचायचं तर आधीच्या दोघांच्या पोटातून चालत जायचं. कापितोलिना बाजारातून धुरावलेला मासा घेऊन निघाली. ल्यूस्या काकड्या निवडत मागेच राहिली.

"वाट चुकू नका, बाई!"

"डोळे बांधून सोड मला. पाय बरोबर माइकपाशी नेतात."

पायांनी नेलंच. लाल गालिचा, पितळी कठडा, बावीस पायऱ्या, डावीकडचं दार. खुर्चीसुद्धा तशीच कुरकुरली. तिने मासा बाजूला ठेवून बटण दाबलं, "माऽननीय प्रवाऽसीहो! ‘कप्तान सुखोनिन’ चार वाजता सुटेल. कृपया जहाजावर परत याऽवं!"

बाहेर एकच धावपळ उडाली. पायजम्यातला एक आजोबा बॅग घेऊन जिन्यात ओरडत होता, "घात झाला गं! दोन दिवस आपण भलत्याच जहाजात झोपतोय!"

दारात एक अनोळखी कप्तान उभा राहिला. "बाई, आवाज छान आहे. पण हे ‘वैमानिक दोल्गोव’ आहे."

एकाच कारखान्यातलं, सुखोनिनचं सख्खं जुळं भावंड! कापितोलिनाने मासा छातीशी धरला. "पायांना काही बोलू नका. माइकपाशी तर आणलं ना त्यांनी!"

मधलं जहाज ओलांडून ती आपल्या माइकच्या खोलीत पोचली. रुस्लान तिथे आधीच उभा होता, हातात रेकॉर्डिंगचं यंत्र. आता लपवण्यासारखं उरलंच काय! तिने स्वतःच माइक ओढला. "माननीय प्रवासीहो, मघाचा आवाज माझाच. जहाज दुसऱ्याचं. एकतीस वर्षांत मला नदी पाठ झाली, दार तेवढं राहिलं. दोल्गोववरच्या आजोबांनी कपडे बदलून घ्यावेत, ते आपल्याच जहाजात आहेत."

तिन्ही जहाजांवरून हसू उसळलं. रुस्लान हसला नाही. त्याने यादी तपासली, पुन्हा तपासली.

"सगळे चढलेत. दोनशे अठरा."

"मग?"

"दर फेरीला इथे चार-पाच जण बाजारात अडकतात, भोंगे वाजवावे लागतात. दोल्गोवचे कर्णे बाजाराच्या तोंडावर आहेत. आज सगळ्यांना ऐकू गेलं."

"म्हणजे दर फेरीला चुकू?"

"नको." त्याने यंत्र खिशात टाकलं. "दोल्गोवच्या कप्तानाची परवानगी मागून जा."

दुसऱ्या दिवशी तिच्या दारावर वीतभर अक्षरांत रंगवलेलं होतं: कप्तान सुखोनिन. तिने ते मोठ्याने वाचलं, नीट खात्री करून घेतली आणि मगच आत पाऊल टाकलं.