तिसरं मशीन आमच्या घरात

बायको गेल्यावर घरात आवाज करणारी एकच वस्तू राहिली, आणि तीसुद्धा माझी नव्हती. टॉवेलच्या कारखान्याची होती. त्या कारखान्यात मी आधी मागावर होतो, नंतर गेटावर बसायला लागलो. भवानी पेठेत कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागूनच आमची खोली. भिंतीला भोक पाडून एक वायर आत घेतली होती आणि फडताळाशेजारी एक काळा कॉम्प्युटर ठेवला होता. पडदा नाही, बटणं नाहीत, नुसता डबा आणि पुढे एक बारका हिरवा दिवा. दिवसरात्र घूं करत बसायचा.

तो कशाला, ते सांगतो. टॉवेलवरची नक्षी आता कॉम्प्युटरवर काढतात. ते सॉफ्टवेअर विकत घेतलं तरी दर वेळी उघडताना परवानगी मागतं, आणि परवानगी देणारं मशीन वेगळं असतं. ते एकच ठेवलं आणि बिघडलं, तर डिझाइनच्या सगळ्या पोरी हात बांधून बसणार. म्हणून तीन ठेवली. एक डिझाइनच्या खोलीत, एक पुढच्या ऑफिसात, एक आमच्या घरात. जागा वेगळ्या, लायटीच्या लायनी वेगळ्या. एक बंद पडलं तरी काम थांबत नाही. दोन मात्र चालू पाहिजेत.

बसवायला आलेल्या इंजिनियरला मी विचारलं होतं, "दोन बंद पडली आन् एक धडधाकट असलं, तर ते एकटं का देत न्हाय परवानगी?"

"मामा, एकट्याला कळत नाही ना," तो म्हणाला. "बाकीची दोन खरंच बंद पडलीत, की नुसती मधली वायर तुटलीय? उगाच दोन्हीकडून परवानग्या वाटल्या जातील. म्हणून एकटं राहिलं की ते गप्प बसतं."

तेव्हा ऐकलं आणि सोडून दिलं. बायको गेल्यावर लई आठवलं. मला तर कळलं होतं की. या हातांनी अग्नी दिला होता. तरी मी गप्पच बसत होतो.

मशीनची राखण तीच करायची. मी गेटावर, ती घरात. रोज फडक्याने धूळ काढायची. उन्हाळ्यात टेबलफॅनचं तोंड माझ्याकडून काढून त्याच्याकडे फिरवायची. मी ओरडलो की म्हणायची, "तुमी घाम आला तर बोंबलता तरी. ते मुकं हाय."

खंडेनवमीला आमच्याकडे मागाची, हत्यारांची पूजा होते. घरच्या मशीनला तीच हळदकुंकू वाहायची. ती गेली त्या वर्षी मालकांच्या आईने सांगितलं, "त्या घरात आता बाईमाणूस न्हाय. मशीन हिकडं आणा. तिन्हींची एकदमच पूजा करू."

त्या दिवशी एक नमुना पाठवायचा होता, त्यामुळे डिझाइनची खोली चालूच होती. मशीनं एकेक करून हलवली, म्हणून तोवर कुणाचं काम अडलं नाही. तिन्ही डबे एका टेबलावर मांडले, तिन्हींच्या पिना एकाच बोर्डात खोचल्या, झेंडूचे हार घातले. मालकांनी टेबलाशेजारीच नारळ फोडला. पाणी उडालं ते नेमकं बोर्डात. फट् झालं आणि तिन्ही गार.

डिझाइनच्या खोलीतून एक पोरगी ओरडली, "मालक, बंद झालं हो! सगळ्यांचंच!"

मालकांची आई नारळाच्या आत बघून म्हणाली, "नारळ तर चांगला निघालाय."

इंजिनियर आला. बोर्ड बदलला, डबे उघडून पुसले, वाळवले, तेव्हा कुठे चालू झाले. नमुना दुसऱ्या दिवशी गेला. इंजिनियर मालकांना म्हणाला, "तीन कशाला घेतली होती साहेब? लांब लांब ठेवायला. आणि तुम्ही तिघांना एका ताटावर जेवायला बसवलंत."

मालक ओशाळले. म्हणाले, पुढच्या वर्षीपासून जागच्या जागी पूजा.

मी म्हटलं, "मग आमचं घरी नेऊ का?"

मालक म्हणाले, "मामा, वाईट वाटून घेऊ नका. तितं आता ठेवत न्हाय. मामी दिवसभर घरात असायच्या. वायर हलली, जळका वास आला, लगेच सांगायच्या. तुमी गेटावर, घराला कुलूप. कुणाच्या भरवशावर ठेवायचं? गोदामात ठेवतो, तितं माणूस असतो."

हे मला आधी कुणी बोललं नव्हतं. मला वाटायचं, मी कारखान्याचा जुना माणूस, म्हणून मशीन आमच्या घरात. ते तिच्या भरवशावर होतं.

घरी गेलो. फडताळाशेजारी चौकोनी जागा, फरशी तेवढीच उजळ. चहा केला. पिताना माझ्याच घोटाचा आवाज मला ऐकू यायला लागला. रेडिओ लावला आणि बंद केला. रेडिओवाला माझ्याशी बोलल्यासारखं करतो आणि बोलत नाही. मशीन तसलं ढोंग करत नव्हतं.

सकाळी मालकांना जाऊन म्हटलं, "गेटावर दुसरा माणूस बघा. मी घरी बसतो. मशीन परत द्या."

"मामा, येड लागलं काय तुमाला? गेटावर चार माणसं तरी भेटतात. त्या डब्याशेजारी बसून काय करणार?"

"ती काय करत हुती?"

"अवो, एकटं बसून खंगाल."

"गेटावर बी खंगतोयच की. तितं वरनं लोकांना नमस्कार करावा लागतो."

मालक हसले. मग हसू आवरलं आणि इंजिनियरला फोन लावला.

मशीन परत आलं. गेटावर आता दुसरा माणूस बसतो, आणि मी घरात. भाजीवाली गेली की दुपारभर या खोलीकडे कुणी फिरकत नाही. तिच्या सगळ्या दुपारी अशा जायच्या, हे एका भिंतीपलीकडे बसून मला दिसलं नव्हतं. कधी डिझाइनच्या खोलीतून फोन येतो, "मामा, दिवा हिरवा आहे ना?" मी उठून बघतो. "हाय," म्हणतो. पुढे काहीतरी बोलावं म्हणून शब्द जुळवेपर्यंत फोन ठेवलेला असतो.