पिशोरला गाळलेलं कलम

बायको गेली, तिलाही हे सांगितलं नाही. तुम्हाला सांगतोय, तर मध्ये थांबवू नका. थांबलो की मी भाषण सुरू करीन, आणि भाषणांचीच मला आता शिसारी येते.

पोलीस ॲक्शननंतर मी औरंगाबादेत वकिली करत होतो. गुलमंडीवर चहा पिताना माझा विषय एकच — राज्यघटना आम्हाला विचारून झाली का? दिल्लीत ती लिहिली जात होती तेव्हा आमच्या संस्थानातून निवडून गेलेलं कोण होतं तिथं? निजामाचं एक फर्मान निघालं, की झाली म्हणे आम्हाला मान्य! लोकांनी समजून 'हो' म्हटलं नाही, तर ती लोकांची कसली? — चूक होतं का हे? मुळीच नाही. म्हणून तर स्वतःची जास्त किळस वाटते.

घटना लागू झाली आणि पिशोरच्या पाटलांनी मला बोलावलं, गावाला समजावून सांगा म्हणून. पाटलांचा जमिनीचा दावा माझ्याकडे होता, जेवणही त्यांच्याकडेच. हातात घटनेचा उर्दू तर्जुमा. आमचं शिक्षणच उर्दूत झालेलं, तेव्हा वाचायचं उर्दू आणि तोंडानं मराठी करत जायचं. मी काय सांगतो, काय गाळतो — कोणाला कळणार होतं?

चावडीवर पाटील आणि त्यांची मंडळी. खाली उन्हात महारवाड्यातली माणसं, आणि मागं त्यांच्या बायका, रिकाम्या घागरी घेऊन. घागरी कशाला, हे मला लगेच कळलं. अस्पृश्यता बंद झाल्याचं कलम आलं... मी पाटलांकडे पाहिलं. ते काही म्हणाले नाहीत — खरंच, एक शब्द नाही. मीच पान उलटलं.

शेवटी त्यांच्यातला म्हातारा कोंडिबा उठला. "वकीलसाहेब, आमी आडावर जायाचं काय लिवलंय का त्यात? शहरात तं म्हणतेत, लिवलंय."

"नाय," मी म्हणालो. "तसं काय नाय त्यात."

"व्हय," म्हणाला, आणि बायकांकडे वळला. "ऱ्हाऊ द्या गं. साहेबांनी वाचलंय."

पाटलांच्या ओसरीवर मी जेवायला बसलो, तिथून आड दिसत होता. बायका रोजच्यासारख्या लांब उभ्या होत्या, कोणीतरी येऊन घागरीत वरून ओतील म्हणून. त्याच आडाचं पाणी मला तांब्यात आलं. मी ते मागून मागून प्यालो.

पिशोरला पुन्हा गेलो, पण दाव्यासाठी. कोंडिबा वाटेत भेटला, त्यानं हात जोडले, मी पुढं निघून गेलो.

आणि दर सव्वीस जानेवारीला भाषण ठोकत राहिलो, की लोकांना कोणी विचारलं नाही. पिशोरला लोकांनीच विचारलं होतं. मी नाय म्हणालो.