चपला हातात घेऊन

निरोप आला तेव्हा मी चहात खारी बुडवत होतो. सांगायला लाज वाटते, पण सुरुवात तिथूनच करायला हवी. आमच्या गच्चीवरच्या योगवर्गाचा नियम असा, की वर्ग सुटल्यावर तासभर चहाला शिवायचं नाही, आणि तो मी आठ वर्षं न चुकता मोडत आलो होतो. दार वाजलं. समोर अपर्णा, रमाकांतची मुलगी, कॉलेजची पिशवी खांद्याला लावून. "काका, बाबा अजून खाली नाही आले. मी दारातून बघून आले, शवासनात आहेत. आई म्हणाली, उठवू नकोस, काकांना विचार." पावणेआठ झाले होते. वर्ग सातला सुटला होता. मी खारी बशीत ठेवली आणि समोरच्या इमारतीचे चार मजले चढून गेलो. रमाकांत सतरंजीवर उताणा पडलेला, तळवे आभाळाकडे... मी त्याला जसा सोडून आलो होतो तसाच. या गोष्टीला आता सात आठवडे होतील.

त्या आसनाच्या नावावरून लोकांनी मला बरंच काही ऐकवलं. योग्याला साजेसं मरण आलं, कुणाला त्रास दिला नाही, भाग्यवान माणूस. तेराव्याला एक गृहस्थ जिलबी खाता खाता हे बोलले, तेव्हा मी पानावरून उठून गेलो. एकोणपन्नासाव्या वर्षी गेलेला माणूस भाग्यवान कसा, हे मला कुणीतरी एकदा समजावून सांगा. रमाकांतला असलं मरण नको होतं. त्याला कसलंच मरण नको होतं. त्याला पन्नाशी बघायची होती, आयुष्याकडून त्याचं दुसरं काही मागणं नव्हतं, आणि तिला पाच महिने उरले होते.

आम्ही दोघं मूळचे ठाण्याचे, टेंभी नाक्याजवळच्या एकाच चाळीत वाढलो. आम्ही शाळेत होतो तेव्हा त्याचे वडील नवरात्रात देवीच्या रांगेत उभे असताना छाती धरून खाली बसले ते उठलेच नाहीत. वय सत्तेचाळीस. आजोबा त्याहूनही लवकर गेलेले. पुढे आम्ही नोकरीला लागलो, मी डोंबिवलीत शाळामास्तर झालो, तो कोलशेतच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन. लग्नं झाली, ठाण्यात जागा परवडेनात म्हणून डोंबिवली पूर्वेला समोरासमोरच्या इमारतींत घरं घेतली. सगळं सुरळीत चाललेलं, आणि मग त्याचा थोरला भाऊ गेला. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, सकाळी दाढी करता करता. ही शहाऐंशी-सत्त्याऐंशीची गोष्ट.  स्मशानातून परतताना नाक्यावर आल्यावर रमाकांत म्हणाला, "पद्या, आमच्याकडे पन्नाशी कुणी बघितलेली नाही. मी बघून दाखवणार." तेव्हा तो एक्केचाळीस वर्षांचा होता. मला वाटलं, दुःखात माणूस बोलतो काहीबाही.

पण तो हाडाचा ड्राफ्ट्समन. एकदा रेघ आखली की आखली. कुणीतरी सांगितलं म्हणून तो खडवलीला एका वृद्ध योगशिक्षकांकडे दर रविवारी जाऊ लागला, आणि एकट्याला कंटाळा येतो म्हणून मलाही ओढून नेलं. नदीजवळ त्यांचं छोटं घर होतं, अंगणात शेणाने सारवलेली जमीन. रमाकांत तिथे डोळे मिटून श्वास मोजायचा आणि मी परतताना स्टेशनाबाहेर मिळणाऱ्या कांदाभजीचा विचार करत बसायचो. दोन महिन्यांत त्याने चहा सोडला, साखर सोडली, तळलेलं सोडलं. मासे सोडले तेव्हा मात्र मला धक्का बसला, कारण हा माणूस लहानपणी बोंबलाच्या तुकड्यासाठी माझ्याशी मारामारी केलेला. खाडीवरून टोपली घेऊन येणारी आमची मासळीवाली मावशी तर दुखावलीच. दारात बसून म्हणाली, "मावऱ्यानी तुजा काय बिघरवलाय रं भाऊ?" तो हसून म्हणाला, "मावशी, पन्नास पुरी झाली की तुझी सगळी टोपली घेतो." तिने ते खरं मानलं. पुढची सगळी वर्षं ती त्याचं दार टाळून माझ्याकडे यायची आणि जाताना न चुकता विचारायची, भावाला किती झाली?

त्याच्या बायकोला, सुनंदावहिनींनाही, त्याने एक वायदा दिला होता. पन्नासाव्या वाढदिवसाला वाटीभर बासुंदी खाणार, आणि तीही त्यांच्या हातची. वहिनी म्हणायच्या, "भावजी, तोवर आटवायची कशी तेच विसरेन मी." आम्ही सगळे या पन्नाशीची चेष्टा करायचो. तोही करायचा. पण त्याच्या कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने वडिलांचा आणि भावाचा फोटो शेजारी शेजारी लावलेला असे, आणि रोज पहाटे साडेचारला तो ते दार उघडून आपली पांढरी बंडी काढायचा. म्हणजे चेष्टेत किती आणि खऱ्यात किती, हे मला कळायला हवं होतं.

गच्चीवरचा वर्ग त्याने वर्षभरात सुरू केला. फी नाही, पाटी नाही. इमारतीतल्या बायका, दोन निवृत्त कारकून, एक कंबर धरलेले दुकानदार, अशी दहा-बारा मंडळी. मी सगळ्यात वाईट विद्यार्थी. सूर्यनमस्कारात धापा टाकायचो आणि शवासन सुरू झालं की दोन मिनिटांत घोरायला लागायचो. सगळे हसायचे, त्याला मात्र ते कधी हसण्यासारखं वाटलं नाही. एके दिवशी वर्ग संपला तरी मी घोरतोय असं पाहून शेजारच्या बाईंनी मला खांदा धरून गदागदा हलवलं. मी दचकून उठलो तो पाण्याच्या टाकीच्या नळावर कपाळ आपटलं, तीन टाके पडले. दुसऱ्या दिवशी मी पट्टी बांधून बसलो होतो आणि मोठ्या तक्रारीच्या सुरात म्हणालो, "रम्या, तुझ्या वर्गात येऊन माणूस मरेल एखाद दिवशी." तेव्हा रमाकांतने सगळ्यांसमोर नियम केला. शवासनातल्या माणसाला कुणीही उठवायचं नाही. झोपला तर झोपू दे, देह आपला आपण जागा होईल. बाकीच्यांनी आवाज न करता सतरंज्या गुंडाळायच्या, चपला हातात घ्यायच्या आणि खाली उतरायचं.

तो नियम माझ्यासाठी झाला. हे मी आज लिहितोय, पण गेले सात आठवडे मी ते रोज उठून स्वतःला सांगतो आहे.

आणि नियम पाळला कसा गेला म्हणता... आमच्याकडे घरात साधं दिवे बंद करायचं कुणी ऐकत नाही, पण हा नियम पोराबाळांपासून सगळ्यांच्या अंगवळणी पडला. बहुतेक वेळा झोपलेला मीच असे. जाग यायची तेव्हा गच्ची रिकामी, अंगावर चादर आणि उशाशी गच्चीची किल्ली. चादर रमाकांत घालायचा. त्याच्या घरीसुद्धा तसंच झालं. तो पडलेला असला की वहिनी कुकरची शिटीसुद्धा वाजू द्यायच्या नाहीत.

आठ वर्षांत तो डॉक्टरची पायरी चढला नाही, आणि याचा त्याला अभिमान होता. मी एकदा म्हटलं, एकदा कार्डिओग्राम काढून घे, घराण्याचा इतिहास आहे. म्हणाला, "अरे, इतिहास बदलायलाच तर बसलोय मी." एवढ्या शिस्तीच्या माणसापुढे मी काय बोलणार? माझ्या खिशात वडापावचा कागद. योगाला मी दोष देत नाही, त्या दुकानदारांची कंबर सुधारली ती सुधारलीच. पण आसनं करायची आणि डॉक्टरकडेही जायचं, हे आमच्यातल्या कुणाच्या डोक्यात आलं नाही. डॉक्टरकडे जाणं म्हणजे हरणं, असं आम्ही धरून चाललो होतो.

त्या दिवशी सकाळी तो वर आला तो पाच मिनिटं उशिरा. हेच पहिलं आक्रीत. थंडी होती, तरी कपाळावर घाम. म्हणाला, "पद्या, आज नमस्कार तू घे." मी खूश झालो, गुरूंनी गादी दिली वगैरे बोललो. त्याने छातीच्या खाली हात फिरवत सांगितलं, रात्री झोप नाही लागलेली, पित्त झालंय बहुतेक. मी म्हटलं, "तुला आणि पित्त? दुधीचा रस बाधला वाटतं." सगळे हसले. तोही थोडा हसला. पुढचा पाऊण तास तो भिंतीला टेकून बसून होता आणि मी बारा नमस्कार मोजत होतो, चुकत, पुन्हा पहिल्यापासून. शवासन आलं तेव्हा तो आडवा झाला. आयुष्यात पहिल्यांदाच मी जागा राहिलो, कारण श्वासांचे आकडे मला म्हणायचे होते. वेळ संपली, सगळे उठले, तो उठला नाही. एका बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी ओठावर बोट ठेवलं.

सगळे गेल्यावर मी त्याच्यापाशी गेलो. रात्रीची झोप नाही, जरा पडू दे, असं मनात आलं. इतकी वर्षं त्याने माझ्या अंगावर चादर घातली, आज मी घालतोय याचं मला बरंही वाटलं. चादर पायांवर ओढताना त्याच्या तळपायांना माझा हात लागला. गार होते. मला वाटलं, थंडीचे दिवस. मी चादर नीट खोचली, किल्ली उशाशी ठेवली, चपला हातात घेतल्या आणि पाय न वाजवता चार मजले उतरलो.

डॉक्टरांना मी विचारलं, सातला आणलं असतं तर? ते म्हणाले, "सांगता येत नाही." मी तीनदा विचारलं. तीनदा तेच उत्तर. हो म्हणाले असते तरी चाललं असतं.

दहाव्याला वहिनींनी मला विचारलं होतं, "भावजी, तुम्ही निघालात तेव्हा ते झोपले होते ना?" मी म्हणालो, "हो. शांत झोपला होता." तळपायांचं बोललो नाही. अपर्णा दारात उभी होती, तिच्यासमोर तर शक्यच नव्हतं. त्या पोरीने दारातून पाहिलं आणि वडिलांचा नियम पाळला, तिचं काही चुकलं नाही. वर्गात मास्तर मीच होतो त्या दिवशी. म्हणून इथवरचा हा लेख छापायला देण्याआधी मी वहिनींकडे नेला. त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून सगळं वाचून गेल्या. पानं जुळवली, माझ्या हातात दिली.  मग म्हणाल्या, "त्यांचे पाय नेहमीच गार असायचे." खरं सांगत होत्या की माझ्यासाठी म्हणत होत्या, ते मी विचारलं नाही. कधी विचारणारही नाही. निघताना त्यांनी गच्चीची किल्ली दिली. सोसायटीला परत करा म्हणाल्या, वर्ग काही आता होत नाही.

किल्ली देण्याआधी मी एकदा वर गेलो. कुणाची तरी वाळवणं पसरलेली होती. त्याची सतरंजी टाकीमागे गुंडाळून ठेवलेली, सुतळीची गाठ त्याच्याच पद्धतीची, अपर्णाने मारलेली असणार. मी ती उघडली नाही. थोडा वेळ उभा राहिलो, कुलूप लावलं आणि उतरलो. तळमजल्यावर मावशी टोपली घेऊन पायरीवर टेकली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे. "मास्तर, चपला घाल की रं," ती म्हणाली, "वर कोन झोपलाय आता?"