ॲक्सिलरेटरवरचा भुताचा पाय

"मना दोन्ही पाय वर शेतस! देखा, शेठ, देखा!"

ड्रायव्हर नाना बोंबलत होते, आणि खरंच त्यांचे दोन्ही पाय सीटवर होते. पंगतीला बसावं तशी मांडी घातलेली. हातात स्टिअरिंग, खाली पेडलवर कोणी नाही, आणि गाडी धुळ्याच्या रस्त्यावर पन्नास मैलांच्या वेगानं सुटलेली. मी, गाडीचा मिस्तरी, शेजारी बसलो होतो. मागे शेठ होते. मुकटी गाव केव्हाच मागे पडलं होतं.

गाडी अमेरिकेची. जळगावच्या आमच्या शेठनी ती मुंबईहून जुनी विकत आणलेली. लांबी एवढी, की तोंड पाळधीला पोहोचलं तरी शेपूट जळगावातच हलत असायचं. स्टिअरिंग डाव्या बाजूला. डॅशबोर्डवर एक चकती होती. तिच्यावर हवा तो वेग लावायचा, बटण ओढायचं आणि पाय काढून घ्यायचा. पुढं गाडी आपणच तो वेग धरून ठेवायची. ब्रेकला नुसता पाय लागला की सोडायची. दसरा झाला, दिवाळी झाली आणि तिनं वेग सोडायचं बंद केलं. तेही कधीकधीच. गावात बोभाटा झाला, की ॲक्सिलरेटरवर भुताचा पाय आहे.

शेठ भूत मानत नव्हते. त्यांनी तो पाय नानांचा ठरवला. "वीस वर्षं झाली, मिस्तरी, नानांचा पाय जड झाला. स्वतःच दाबून ठेवतात आणि मशीनचं नाव सांगतात."

मी गाडी तीनदा गॅरेजात घेतली. उभ्या गाडीत काही म्हणजे काही सापडलं नाही. मग शेठचा हुकूम सुटला: मिस्तरीला शेजारी बसवून धुळ्यापर्यंत जायचं. दोष सापडला तर ठीक. नाही तर धुळ्यात नवा ड्रायव्हर उभा आहे, चावी त्याच्या हातात, आणि नानांनी एसटीनं घरी जायचं. कायमचं.

मुकटी सोडल्यावर नानांनी ब्रेकला पाय लावून बघितला, वेग सुटला नाही, म्हणून तर त्यांनी पाय वर घेतले होते. आणि आता समोर कापसाच्या गाड्या दिसायला लागल्या. दहा-बारा असतील, मला तेव्हा शंभर दिसल्या. डोंगराएवढे कापसाचे ढीग, आणि रस्ता सगळा त्यांचाच.

"नाना, ब्रेक!"

नाना मांडी मोडून ब्रेकवर उभेच राहिले म्हणा ना. गाडी थोडी दबली, पण इंजिन आतून ढकलतच होतं. जळका वास सुटला. चावी बंद करावी तर या गाडीचं स्टिअरिंग मेलेल्या म्हशीसारखं जड होऊन बसतं, हे मला ठाऊक होतं. न करावी तर कापसात घुसतो. मी हात लांबवून चावी फिरवली. इंजिन गेलं. नाना आणि मी दोघंही स्टिअरिंगला लोंबकळलो. शेवटच्या बैलगाडीला एक वीत ठेवून गाडी थांबली. बैलानं वळून बघितलंसुद्धा नाही.

शेठ खाली उतरले, उपरण्यानं मान पुसली आणि म्हणाले, "पाय वर होते, ते मी बघितलं. पण मग दाबलं कोणी? ते दाखवा. नाही तर चावी द्या."

मी बॉनेट उघडलं. आधी शेठना मागे उभं केलं आणि नानांना ब्रेक दाबायला सांगितला. मागचे दिवे लागले. म्हणजे ब्रेकचा करंट ठीक. वेग धरून ठेवणारी डबी ब्रेक दाबताच टक् करून सोडत होती. तीही ठीक. मग डबीपासून कार्बोरेटरकडे जाणारा दांडा मी बोटानं हळूहळू ओढला. अर्ध्यापर्यंत ओढून सोडला, की झटक्यात परत यायचा. त्याच्या पुढं ओढला, आणि तो तिथंच राहिला. आलाच नाही.

म्हणून गॅरेजात सापडत नव्हतं! उभ्या गाडीत एवढा दांडा ओढतो कोण?

मी वाकून बघितलं. दांड्याला लाल नाडा बांधलेला होता. दसऱ्याच्या पूजेचा. कुंकू, तेल आणि नारळाचं पाणी पिऊन वाळलेली त्याची गाठ लाकडासारखी झाली होती. दांडा पुढं गेला, की ती शेजारच्या लोखंडी पट्टीपलीकडे जाऊन अडकायची.

"कोणी बांधला?" शेठनी विचारलं.

दसऱ्याला गॅरेजातल्या प्रत्येक गाडीला नाडा मी बांधतो. तोही हलत्या भागाला. उगीच मेलेल्या लोखंडाची काय पूजा करायची, असं मी तेव्हा सगळ्यांना ऐकवत असे. बांधताना नाना नारळ घेऊन शेजारीच उभे होते. ते आता बैलांकडे बघत राहिले.

"गावात नाडे बांधणारे पुष्कळ, शेठ," मी म्हणालो. खिशातला चाकू काढला. "कापून टाकतो."

"पूजेच्या नाड्याला चाकू? ज्यानं बांधला त्यानंच हातानं सोडायचा. कोण तो? त्याला बोलवा. नानांचा निकाल त्याच्यासमोरच होईल, तोवर चावी द्या."

नानांनी गाडीतून चावी काढून आणली आणि बॉनेटच्या कडेवर ठेवली.

त्या चावीकडे माझ्यानं बघवेना. "मीच," मी म्हणालो.

मग रॉकेल लावून नखांनी आणि दातांनी ती गाठ मी अर्धा तास खपून सोडवली. तोंड आठ दिवस लाल राहिलं. नाडा आरशाला बांधला. पुन्हा पन्नासची चकती लावली, नानांनी ब्रेकला नुसता पायाचा अंगठा टेकवला आणि गाडीनं निमूट वेग सोडला. शेठ मागून म्हणाले, "चला, नाना. धुळं येऊ द्या." एवढंच.

धुळ्यात शेठ पेढीवर गेल्यावर मी नानांना गाठलं. "नाना, तुमची वीस वर्षांची नोकरी चालली होती. माझं नाव का नाही घेतलं?"

नाना फडक्यानं काच पुसत म्हणाले, "त्यावर नारय मीच फोडेल व्हता, भाऊ."